आतून कडी नसलेली खोली

दाजी, तुमच्या पत्र्याच्या खोलीत बसून लिहितोय. काळजी नको, दारात पाटा आडवा घातलाय. वरवंटाही घालणार होतो, पण तो अक्काला चटणीला लागतो. या दारानं एकदा मला गिळलेलं आहे. दुसऱ्यांदा गिळायचं तर त्याला आधी पाटा चावावा लागेल.

बाहेर अक्का दादर ज्वारी निवडत बसलीय. नवी ज्वारी शेतावरून आलीय आणि पोती बैठकीत पडून आहेत. तुमच्या समाचाराला येणारे लोक खुर्च्या सोडून पोत्यांवर बसतात आणि उठताना पाठीला भुसा घेऊन जातात. तेरावं झाल्याबरोबर अक्कानं जाहीर केलं की खोली मोडायची, पत्रा भंगारात घालायचा आणि या जागेत धान्य ठेवायचं. भंगारवाला उद्या यायचाय. मीही मान डोलावली होती. बहीण विधवा झाल्यावर पहिली गोष्ट मागते, तेव्हा भाऊ मान डोलावतो, दुसरं काय करतो.

पण आज सकाळी तिनं चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "बापू, त्या दिवशी आत यांनी आवाज खाली केला, तेव्हा माझ्याबद्दल काय म्हणाले?"

दाजी, मी बोलायचा कधी थांबलो नाही. मी जन्मलो तेव्हा सुईणच बोलायची थांबली होती, कारण मी तिला मधेच अडवून स्वतःची हकीकत सांगायला लागलो, असं आमची आई सांगायची. (आई असं कधीच सांगत नसे, पण सांगायला हवं होतं.) आज मात्र माझी जीभ टाळूला चिकटली. तुम्ही मला शपथ घातलीत, अक्काला सांगायचं नाही म्हणून. आता ज्यानं शपथ घातली तो सुटला आणि ज्यानं घेतली तो अडकला. तिकडे तुम्ही, इकडे सख्खी बहीण, आणि मधे मी, गावोगाव विहिरींचे पंप विकून तोंडावर जगणारा माणूस, तोंड मिटून. कप तसाच ठेवला आणि इथं येऊन बसलो. या खोलीत बाहेरचं काही शिरत नाही, असं तुम्ही सांगायचात. खोटं आहे ते. अक्काच्या सुपाचा आवाज मला इथं स्पष्ट ऐकू येतोय, आणि सूप मधेच थांबलं की तेही.

तुम्ही मुळात फोनवरचे माणूस. शेटजींच्या केळीच्या पेढीवर तुमचं काम एकच, सकाळी दिल्लीचा ट्रंक कॉल लावायचा, मग कानपूरचा, आणि मिळाला तो भाव सगळ्या पेढीला ऐकू जाईल असा ओरडून सांगायचा. तुमच्या त्या ओरडण्यावर रावेर-सावद्याच्या बागांत घड उतरायचे आणि स्टेशनावर वॅगन भरायच्या. दिल्लीचा व्यापारी म्हणे तुमचा 'हॅलो' रिसीव्हर टेबलावर ठेवून, बाहेर पानाच्या टपरीवर उभा राहून ऐकायचा. वायर तुटलेली असली तरी त्याला ऐकू गेलं असतं.

आणि घरी आलात की चिडीचूप. पुढच्या खोलीत रेडिओ उघडून बसायचं, त्याच्या पोटात डोकं घालायचं, आणि मधेच आत हाक मारायची, "ऐकतेस का गं?" अक्का तव्यावरची भाकर टाकून "ओ" द्यायची. तुम्ही म्हणायचात, "काही नाही." दिवसातून किती वेळा ते मी सांगितलं तर लोक निम्मं वजा करतील, म्हणून सांगत नाही. अक्का वैतागून मला म्हणायची, "या माणसानं लग्न झाल्यापासून मला एवढंच सांगितलंय, काही नाही."

लोक निम्मं वजा करतात, हे तुम्हाला सांगायला नको. अक्का तर पाऊण वजा करते. तुम्ही एकटेच माझी गोष्ट सबंध घ्यायचात. शिरपूरकडे मी एक पंप बसवला, त्यानं एवढं पाणी ओढलं की शेजारच्या गावची विहीर आटली आणि तिच्यात कधीकाळी पडलेल्या घागरी आमच्या पाइपातून टणाटण बाहेर आल्या. ही गोष्ट मी सगळ्या खान्देशात सांगितली, सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, "पाइप किती इंची होता?" त्या दिवसापासून मी तुमचा झालो, दाजी. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मोजपट्टी काढली असतीत.

म्हणूनच माझं मला अजून नवल वाटतं. असल्या माणसानं मला उभ्या आयुष्यात एकच गोष्ट सांगितली, ती खरी होती, आणि मी, सगळ्या जिल्ह्याला थापा पाजणारा, मी तिला थाप म्हणालो.

भुसावळचं ते नागरी संरक्षणाचं शिबिर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी. तुम्ही स्वतःहून नाव दिलेलं, मी नाश्त्यासाठी आलेलो. तिथं जंक्शन, दारूगोळ्याचा कारखाना, बाजूला वीज केंद्र. शत्रूनं नकाशा उलगडला की त्याचं बोट आधी भुसावळवरच पडणार, अशी तिथल्या लोकांची पक्की खात्री, आणि त्या खात्रीत थोडा अभिमानही. एक निवृत्त फौजी अधिकारी आले होते. त्यांनी अणुबॉम्बची आग सांगितली, वारा सांगितला, राख सांगितली. लोक मान डोलवत होते, ते सगळं आम्ही ऐकून होतो. मग ते म्हणाले, की दुसरीही एक तऱ्हा आहे. बॉम्ब खाली टाकायचाच नाही. विमानांच्याही कितीतरी वर, आभाळाच्या पार माथ्यावर नेऊन फोडायचा. खाली आवाज नाही, घर पडत नाही, माणूस मरत नाही. पण त्यातून एक विजेची लाट सुटते. ती तारांत शिरते. जितकी तार लांब, तितका झटका मोठा. निम्म्या देशाचे फोन, रेडिओ, वीज, सिग्नल, सगळं एका पापणीच्या लवण्यात मुकं.

लोकांनी 'माणूस मरत नाही' एवढं ऐकलं आणि चिवड्याच्या पुड्या उघडल्या. मीही उघडली. तुमच्याकडे पाहिलं तर तुमचा चेहरा भिंतीसारखा पांढरा. एवढ्या लोकांत तुम्ही एकट्यानं हात वर केलात आणि विचारलंत की यावर उपाय काय. ते म्हणाले, धातूची पेटी. सगळीकडून बंद. फट नको, भोक नको. तिच्यात ठेवलेला रेडिओ वाचेल.

येताना पॅसेंजरच्या दारात उभं राहून तुम्ही मला म्हणालात, "बापू, माणसं सगळी जिवंत राहतील आणि कोणाला कोणाचं काही कळणार नाही."

मी म्हणालो, म्हणजे सासुरवाडीचं काही कळणार नाही, यात वाईट काय. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही केळीचं बोलायला लागलात. भाव कळला नाही तर वॅगन हलणार नाहीत, वॅगन हलल्या नाहीत तर उतरलेले घड पिकणार, केळं काही फोनची वाट पाहत थांबत नाही. एकही माणूस न मारता सगळा खान्देश पिवळा होऊन सडणार. जगातल्या मोठमोठ्या लोकांनी त्या लाटेचा विचार केला असेल, दाजी, पण केळीच्या बाजूनं विचार केलेला माणूस तुम्ही एकटेच. मी म्हणालो, फौजी साहेबांनी थाप मारली. ती थाप मारायची माझी हिंमत झाली नसती, म्हणून मला राग आला होता, हे खरं कारण.

मग घरची कोठी गेली. अक्काची पत्र्याची कोठी, माहेरहून आलेली, वर्षाची दादर मावेल अशी. तिच्यातलं धान्य तुम्ही पोत्यांत काढलंत आणि आत ट्रान्झिस्टर ठेवलात. मग दुसरा. मग एक उघडून दुरुस्त केलेला. पावसाळ्यात पोत्यांतल्या ज्वारीला किडे लागले. अक्का मुठीत किडे घेऊन तुमच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बॉम्ब पडायचा तेव्हा पडेल. हे आत्ता पडलेत." तुम्ही म्हणालात, बरोबर आहे, कोठी लहान पडतेय.

आणि पेढी सोडल्यावर ही खोली केलीत. जळगावात, मेहरूण तलावाकडच्या घरामागची ही सामानाची खोली, भिंती, छत, जमीन, दार, सगळीकडून पत्रा. काम सलीमभाईला दिलंत. सलीमभाईनं जन्मभर कोठ्याच केलेल्या. तुम्ही त्याला लाट समजावून सांगितलीत, तो अदबीनं ऐकत राहिला, आणि त्याला जे समजलं ते त्यानं केलं, मोठी कोठी. म्हणून दाराला कडी बाहेरून. दार जरा जोरात लागलं की कडी आपली आपण आकड्यात पडणार, म्हणजे बाई घाईत असली तरी उंदीर आत जायला नको. आतून कडी नाही. कोठीला आतून कडी कोण लावतं? दादर काय आतून दार लावून घेते?

मी पहिल्याच दिवशी ते दाखवलं. तुम्ही उलट खूश झालात. म्हणालात, आतून कडी काढायची तर पत्र्याला आरपार भोक पाडावं लागेल, आणि भोकातून लाट येते. मी म्हणालो, लाट येवो की न येवो, मला बाहेर जायचंय. तुम्ही म्हणालात, आत जायचंय रेडिओला, तुला कोणी सांगितलंय आत जायला. हे भांडण आपण प्रत्येक दिवाळीला काढायचो, आणि फराळ आला की बाजूला ठेवायचो. यंदाच्या दिवाळीतही ते तसंच राहिलं, चकलीच्या डब्याशेजारी.

आता तो दिवस. अठ्ठ्याण्णवचा मे. राजस्थानात आपले स्फोट झाले, मग शेजाऱ्यांनी केले, आणि पेपर उघडला की लढाईचाच वास. त्यात आपल्याकडचा मे. मेहरूणच्या तलावातले मासे दुपारी काठावर येऊन झाडाखाली बसत होते, ते मी स्वतः पाहिलंय. अक्का शेजारच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे पापडांसारखे वाळत घालायला गेलेली. मी तुमच्याकडे जेवून आडवा झालेलो. पंखा थांबला. आपल्याकडे पंखा थांबला तर माणूस कूस बदलतो. पण तुम्ही उठून फोन उचललात, तो मेलेला. मग उशाशी ठेवलेला ट्रान्झिस्टर लावलात, तोही मुका. त्यातले सेल मी पहाटे माझ्या टॉर्चला घातले होते, हे मला तेव्हा आठवलं नाही. आठवलं असतं तरी तुम्ही ऐकून घेतलं नसतं. तुम्ही फक्त म्हणालात, "आलं."

तुम्ही धावलात तसं मी तुम्हाला कधी धावताना पाहिलं नव्हतं. एका हातात ट्रान्झिस्टर, दुसऱ्या हातात भिंतीवरचं घड्याळ, आणि मला ओरडून सांगताय की टीव्ही आण. मी विचारलं, येऊन गेली तर आता लपवून काय? तुम्ही म्हणालात, पहिलीमागून दुसरी येते. मी टीव्ही पोटाशी धरून आत आलो, तुम्ही पायानं दार ढकललंत, आणि बाहेर कडी पडल्याचा तो आवाज आला. खट्. अजून झोपेत ऐकतो मी तो.

तुम्हाला तो ऐकूच आला नाही. तुम्ही टॉर्च लावून एकेक रेडिओ चालू करत होता. पाच-सहा रेडिओ होते, आणि एकातूनही बारीक खरखरीपलीकडे काही नाही. तुमचा चेहरा असा उजळला जसा शेटजींचा उन्हाळी भावाला उजळायचा. म्हणालात, बघ, खोली चालते, बाहेरचं एक अक्षर आत येत नाही. मी म्हणालो, दाजी, खोली चालते की रेडिओ मेलेत? तुम्ही एक रेडिओ कानाशी धरलात. मी म्हणालो, का बाहेरचं जगच गेलंय? आत बसून हे कळायचं कसं? तुम्ही बराच वेळ टॉर्च एका रेडिओवर धरून उभे होता. म्हणालात, बाहेर जाऊन पाहावं लागेल. आणि मग तुम्ही दार ढकललंत.

सुरुवातीला आपण हसलो, आठवतं? मग हाका मारल्या. मग पत्रा बडवला. मेमधली जळगावची दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा जागं नाही. पत्र्याला पाठ लागली की पाठ तिथंच राहत होती. माझ्या घामानं टीव्हीचं खोकं तरंगायला लागलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. इथून पुढे मात्र वाढवून सांगत नाही. वाढवायची गरज नव्हती. टॉर्च मंद झाली. श्वास घेतला की तोच श्वास परत येतोय असं वाटत होतं. मी तुमच्यावर ओरडलो, वाटेल ते बोललो, तुमच्या आईवरूनही काहीतरी बोललो. म्हणालो, तुमच्या आईनं तुम्हाला दार कसं उघडायचं ते शिकवलं नाही का.

तुम्ही खाली बसलात. आणि त्या अंधारात तुम्ही धुळ्याचं काढलंत.

तुमची आई धुळ्याला, तुम्ही जळगावला पेढीवर नवे. लग्न व्हायचं होतं. आई आजारी पडली, कोणीतरी पेढीवर निरोप ठेवला की संध्याकाळपर्यंत फोनवर कळवतो, जागेवरच राहा. मधे वादळ झालं आणि लाइन गेली. बसस्टँड पेढीच्या समोर होता, म्हणालात तुम्ही. धुळ्याच्या गाड्या डोळ्यांसमोरून जात होत्या. तुम्ही गेला नाहीत. लाइन आत्ता येईल, आणि आपण गाडीत बसलो आणि नेमका तेव्हा फोन आला तर? दिवसभर मेलेला रिसीव्हर कानाला लावून बसलात. लाइन आली, तेव्हा तिकडून सांगितलं की आता घाई करू नको.

इतकी वर्षं शहरी मराठी बोललेला माणूस तिथं एकदम आपल्या गावच्या बोलीवर आला. "मनी माय दिवसभर मले हाका मारी ऱ्हायनी व्हती, बापू. नि मी आठे फोनजोडे बशी ऱ्हायनू. ओ देवाले कोनी नव्हतं."

दिवसभर हाका, आणि ओ द्यायला कोणी नाही. मी बोललो नाही, दाजी, याची नोंद घ्या.

मग तुम्ही म्हणालात, "तुझ्या अक्काला मी..." आणि तिथं आवाज खाली केलात. जे म्हणालात ते माझ्या कानाशी म्हणालात, आणि शपथ घातलीत. मी घेतली. त्या वेळी मला वाटत होतं की आपण दोघंही तासाभरात मरणार, मग शपथेला काय लागतं.

आणि कडी निघाली. अक्का दारात, कोपरापर्यंत पीठ. तिच्यामागे घरात पंखा फिरत होता. "दोघं आत काय करताय? चहा ठेवू का?" एवढंच म्हणाली. आत फोन वाजत होता. तुम्ही धडपडत जाऊन तो उचललात. राँग नंबर होता. तुम्ही त्या माणसाला सोडलं नाहीत. पाऊस कधी म्हणतात तुमच्याकडे, घरचे बरे आहेत ना, असं सगळं विचारलंत. तो बिचारा शेवटी तुम्हालाच ओळखीचा समजायला लागला.

यानंतर तरी आतून कडी लावाल, असं मला वाटलं होतं. तुम्ही भोक पाडू दिलं नाहीत.

इथपर्यंत सकाळपासून लिहिलं, आणि मग मी इथूनच ओरडून विचारलं, "अक्का, यांनी आवाज खाली केला हे तुला कोणी सांगितलं?"

सूप थांबलं. समोरासमोर तिनं मला हे कधी सांगितलं नसतं. मधे पत्रा होता म्हणून सांगितलं.

ती म्हणाली, की तुमचा दोघांचा आरडाओरडा ऐकून मी गच्चीवरून केव्हाच खाली आले होते. कडीला हात लावला होता. "तेवढ्यात यांनी सासूबाईंचं काढलं. मला इतकंच माहीत, की मी या घरात यायच्या आधी त्या गेल्या. विचारलं की हे उठून रेडिओ उघडायचे. मी कडी काढली असती तर हे पुन्हा गप्प झाले असते. म्हणून हात तसाच ठेवला."

मी म्हणालो, आम्ही आत मरत होतो.

"तू बोलत होतास. तू बोलतोयस तोवर मेलेला नाहीस, एवढं मला कळतं."

दाजी, तुमच्या खोलीत लाट शिरत नव्हती. पण तुमचा आवाज बाहेर जात होता, आणि पत्र्याच्या पलीकडे ती पीठभरल्या हातानं उभी राहून ऐकत होती. तुम्ही पेढीवर सगळ्या देशाला ऐकू जाईल असं बोललात, आणि घरच्या माणसाशी बोलायला तुम्हाला मधे कडी लावलेलं दार लागलं.

तिनं तुम्हाला पुढे कधी विचारलं नाही. विचारायचं तर बाहेर उभी होते हे कबूल करावं लागलं असतं. 'तुझ्या अक्काला मी' एवढं अर्धं वाक्य घेऊन ती तुमच्या ताटात भाकर वाढत राहिली. तुम्हाला वाटत होतं, आपण तिच्यापासून लपवलंय. तिला वाटत होतं, तिनं तुमच्यापासून. आणि दोघांच्या मधे मी, कानाशी सांगितलेलं घेऊन, येता-जाता चहा पीत होतो. त्या दिवशी खोलीतून आपण दोघं बाहेर आलो असं आपल्याला वाटलं होतं. कोणी बाहेर आलं नव्हतं.

तुमची शपथ मोडतोय. पण तुम्ही तिचं कारण सांगितलं होतंत, आणि मी त्या कारणावर फार विचार केलाय. तुम्ही म्हणाला होतात, सांगितलंस तर ती मुद्दाम ओ देईल, मला मुद्दाम दिलेला नको. आता हाक मारणाराच नाही, तेव्हा मुद्दाम ओ देणार कोणाला?

मी पत्र्याला तोंड लावून सांगितलं. "अक्का, ते म्हणाले, तुझ्या अक्काला मी उगीच हाका मारतो असं तिला वाटतं. उगीच नसतं ते. लाइन चालू आहे का पाहतो. तिचा ओ आला की बरं वाटतं. मग सांगायचं काही उरत नाही, म्हणून काही नाही म्हणतो."

मला घाम फुटला. आयुष्यभर घागरी पाइपातून काढल्या, मासे झाडाखाली बसवले, आणि आज एक खरी गोष्ट सांगायची वेळ आली तर तीही माझ्याच तोंडून जायची. तिनं यातलं पाऊण वजा केलं तर खाली काय उरणार? मी शपथा घ्यायला लागणार होतो, पण माझ्या शपथेची किंमत तर मी आत्ताच दाखवली होती.

"आणखी काय म्हणाले?" अक्कानं विचारलं.

"एवढंच."

"माझ्या कष्टांचं? मला काय सुख दिलं, काय नाही?"

"नाही गं. एवढंच."

मग ती म्हणाली, "खरंच असेल. तू रचलं असतंस तर मोठं रचलं असतंस."

दाजी, पंपाच्या धंद्यात मला बऱ्याच शाबासक्या मिळाल्या. अशी मिळाली नव्हती.

मग नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि लगेच तिचा नेहमीचा, कामाचा आवाज. उद्या भंगारवाल्याला परत पाठव, म्हणाली. खोली राहू दे, दादर इथंच भरू, सलीमभाईनं केलीय तर कोठी म्हणूनच वापरू. रेडिओ बैठकीत मांड. आणि सलीमभाईला बोलावून आतून कडी बसवून घे, भोक पडलं तर पडू दे. किडे शिरणार नाहीत एवढं पाहा. आपलं भांडण असं मिटलं, दाजी. तुम्ही हरलात. पण मला जिंकल्यासारखं वाटत नाहीये. पुढच्या दिवाळीला चकली खाताना मी कोणाशी भांडू, सांगा.

सूप पुन्हा सुरू झालं. मी हे शेवटचं लिहीत होतो. मधेच ते थांबलं.

"बापू, ऐकतोस का रे?"

"ओ, अक्का."

"काही नाही."

आणि सूप वाजायला लागलं. दाजी, मी उठतो आता. पाटा तिला परत द्यायचाय, चटणी वाटायची राहिलीय. दार उघडंच ठेवतो.